धरायचं, आवळायचं नाही

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, होऊन पेशंट कॅथलॅबमधून बाहेर आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ब्लॉकेज किती निघाले?" मग, "किती टक्के?" आणि जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, खर्चाचा. मनगटाबद्दल कुणी विचारत नाही. तिथे एक पारदर्शक पट्टा बांधलेला असतो, त्यात हवा भरलेली असते, आणि बघणाऱ्याला वाटतं, सलाईन काढल्यावर कापसाचा बोळा लावतात त्यातलाच हा महागडा प्रकार. डॉक्टर स्क्रीनवर रक्तवाहिन्या दाखवून, धीराचे दोन शब्द बोलून पुढच्या केसला जातात. पुढचे दोन-तीन तास ते मनगट आमचं. आमचं म्हणजे रिकव्हरीतल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींचं.

हृदयाबद्दल लोक भरभरून लिहितात. मला मनगटाबद्दल लिहायचं आहे, कारण माझ्या नोकरीचा मोठा भाग त्याच्याकडे बघत बसण्यात गेला आहे आणि त्यात बघण्यासारखं पुष्कळ असतं.

आधी झालेलं काय असतं, ते सांगते. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या थोडं वर, जिथे आपण नाडी बघतो तिथल्या रेडियल धमनीत सुई घालून एक छोटी नळी बसवतात. तिला शीथ म्हणतात. याच वाटेनं कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, दंडातून, खांद्यावरून हृदयापाशी पोचतो. ही धमनी साधारण दोन ते तीन मिलिमीटरची. नेहमीची सिक्स फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप) शीथ बाहेरून मोजली तर अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे काहींच्या हातात, विशेषतः बारीक चणीच्या बायकांच्या, नळी धमनीत अगदी गच्च बसते. त्यात हेपॅरिन दिलेलं असतं. अँजिओप्लास्टी, म्हणजे अडथळा उघडून स्टेंट बसवणं, झाली असेल तर ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरही पोटात गेलेलं असतं. थोडक्यात, रक्त गोठू नये याचा चोख बंदोबस्त आपणच केलेला असतो. आणि नळी काढताना मात्र आपली अपेक्षा अशी की त्याच रक्तानं गोठावं, लगेच गोठावं, पण फक्त त्या एका भोकाशी.

नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट पाठ करायला लावते. कातडीवरचं भोक आणि धमनीचं भोक एका जागी नसतं. सुई तिरकी जाते. त्यामुळे धमनीतलं खरं भोक कातडीवरच्या टिंबापेक्षा किंचित वर, कोपराच्या दिशेला असतं. अंतर काही मिलिमीटरचं, पण सगळा खेळ तिथेच. टिंबावरच बोट ठेवलंत तर वर रक्त दिसत नाही आणि आत मात्र साचत राहतं. मग दहा मिनिटांनी मनगटावर लिंबाएवढा फुगवटा. मनगटावरच्या त्या पारदर्शक पट्ट्यावर, म्हणजे टीआर बँडवर, एक हिरवी खूण असते, ती टिंबाच्या जरा वरच्या अंगाला धरून बँड बांधायचा असतो तो यासाठीच.

मनगटावर बँड बांधायचा, त्याच्याबरोबर येणाऱ्या खास सिरिंजनं पंधराएक मिली हवा भरायची, आणि हवेचा फुगा दाब देत असताना शीथ बाहेर ओढायची. इथवर सगळ्यांना जमतं. खरी कसोटी पुढे असते. कारण पेशंट असो, नातेवाईक असो की नुकती रुजू झालेली सिस्टर, प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब पक्का असतो: जितकं घट्ट तितकं सुरक्षित. एकदा एका पेशंटच्या मुलानं मला विचारलं होतं, "सिस्टर, अजून दोन मिली मारा ना, कशाला रिस्क घ्यायची?" त्याला वाटत होतं मी हवेची काटकसर करतेय.

घट्ट आवळलं की रक्त थांबतं, हे खरंच. पण मग धमनीतून पुढे जाणारंही थांबतं. थांबलेलं रक्त आतच गोठतं. तास-दोन तास धमनी अशी दाबून धरली की बँड काढल्यावर भोक बंद झालेलं असतं आणि कित्येकदा धमनीही. यात सर्वांत फसवं काय, तर पेशंटला काहीच होत नाही. हाताला दोन धमन्या. अंगठ्याकडची रेडियल, करंगळीकडची अल्नर, आणि तळहातात दोघींची कमान एकमेकींना जोडलेली. एक बंद पडली तर दुसरी हात पोसते. बोटं गुलाबी राहतात, माणूस चहा पितो, घरी जातो. पाच वर्षांनी पुन्हा छातीत दुखलं, पुन्हा अँजिओ करायची वेळ आली, की डॉक्टर नाडीवर बोट ठेवतात आणि कपाळाला आठी पडते. वाट बंद. बायपाससाठी हीच धमनी काढून वापरता आली असती, किडनी बिघडली तर डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) इथे करता आला असता. तेही गेलं.

हे मी एका शेतकरी मामांना समजावत होते. सांगलीकडचे, ऊस-द्राक्षवाले. मी धमनी, कमान, दाब असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पाटाचा काठ फुटलाय, तर माती काठाला लावायची. पाटात नाही टाकायची." मी गप्पच बसले. त्यानंतर मी सगळ्यांना हेच वाक्य सांगते, मामांचं नाव न घेता.

याच गोष्टीवर समीर पांचोली या हृदयरोगतज्ज्ञांनी मोठं काम केलं आहे. २००८ साली त्यांच्या गटानं ४३६ पेशंटवर केलेला अभ्यास छापून आला. निम्म्या लोकांना नेहमीसारखा घट्ट दाब, निम्म्यांना इतकाच दाब की बाहेर रक्त येत नाही पण आतून नाडी वाहते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गटात १२ टक्के लोकांची धमनी बंद, दुसऱ्यात ५ टक्के. महिन्यानंतर ७ टक्के आणि दोन टक्क्यांहूनही कमी. नवी औषधं नाहीत, नवं यंत्र नाही, फक्त हाताचा अंदाज. पुढे २०१६ मध्ये ३००० पेशंटच्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी आणखी एक युक्ती तपासली. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूलाही दाब द्यायचा. म्हणजे अल्नरची वाट थोडा वेळ अडली की रक्त झक मारत रेडियलमधून जोरात जातं आणि ती उघडी राहते. महिन्यानंतर धमनी बंद होण्याचं प्रमाण ३ टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा "रक्त थांबवायला अजून एक धमनी दाबायची?" असा चेहरा आम्ही सगळ्यांनीच केला होता.

आता प्रत्यक्षात कसं करतात. शीथ निघाली, बँड फुगला, रक्त नाही. मग सिरिंज लावून हवा हळूहळू काढायची, एकेक मिली. नजर टिंबावर. एका क्षणी कातडीवर रक्ताचा बारीक मणी उगवतो. तिथे थांबायचं आणि एक-दोन मिली हवा परत भरायची. मणी पुसायचा. पुन्हा येत नाही ना, बघायचं. बस. हाच त्या माणसाचा दाब. दुसऱ्याचा वेगळा. बीपी जास्त असेल तर वेगळा, मनगट बारीक असेल तर वेगळा. कुठल्याही चार्टवर हा आकडा लिहिलेला मिळत नाही, तो दर वेळी त्या मण्यालाच विचारावा लागतो. इतकी वर्षं झाली तरी हा क्षण मला आवडतो, हे जरा विचित्र आहे पण खरं आहे.

नंतरची तपासणी त्याहून मजेशीर. बँडच्या पुढे बोट ठेवलं आणि नाडी लागली, म्हणजे धमनी उघडी, असं कुणालाही वाटेल. वाटू नये. तळहातातली ती कमान आठवा. रेडियल पूर्ण बंद असली तरी अल्नरमधून आलेलं रक्त कमानीतून उलटं फिरून मनगटाकडे येतं आणि बोटाखाली नाडी उडते. ती नाडी उसनी असते. म्हणून पेशंटच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावायचा, स्क्रीनवर लाट दिसू लागली की करंगळीकडची अल्नर दाबून धरायची. लाट टिकली किंवा क्षणभर बसून परत उठली, तर रेडियल खरोखर वाहतेय. लाट सपाट झाली आणि सपाटच राहिली, तर बँड जास्त घट्ट आहे, हवा काढा. गडद नेलपेंट असेल तर ऑक्सिमीटर गडबडतो. लग्नसराईत आलेल्या एका वहिनींच्या अंगठ्याचं नेलपेंट मी स्पिरिट, कापूस आणि चिकाटी या तीन गोष्टींवर खरवडून काढलं होतं. त्यांना छातीत दुखण्यापेक्षा त्याचं दुःख जास्त झालं.

करंगळीकडचा रस्ता तपासायची कल्पना जुनी आहे. एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये हाताच्या दोन धमन्यांची जी परीक्षा सांगितली, तिचं नाव अजून चालतं. त्याच १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरनं स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली. हा किस्सा डॉक्टर लोक फार आवडीनं सांगतात. पण त्यातली गेर्डा डिट्झेन त्यांच्या सांगण्यातून बहुतेक वेळा गळते. ती तिथली सिस्टर. निर्जंतुक सामान तिच्या ताब्यात. तिनं मदत करायचं कबूल केलं ते या बोलीवर की प्रयोग तिच्यावर होईल. यानं तिला टेबलावर बांधलं, तिच्या हाताला आयोडीन लावलं आणि तिचं लक्ष नसताना नळी स्वतःच्या हातात सरकवली. मग तिला सोडलं आणि दोघं एक्सरेच्या खोलीकडे चालत गेले. १९५६ मध्ये फोर्समानला नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत. गेर्डाबाईंचं काय, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हसून विषय बदलला.

तर, मनगटाचा मार्ग त्यानंतर बराच उशिरा आला. माझ्या सिनियर सिस्टर जांघेच्या काळातल्या, म्हणजे नळी जांघेतून घालायचे तेव्हाच्या. फेमोरल धमनी, जाडजूड. शीथ काढली की पंधरा-वीस मिनिटं हाताच्या मुठीनं दाब, मग वर वाळूची पिशवी, आणि पेशंटनं पाय सरळ ठेवून तासन् तास उताणं पडून राहायचं. पाठ धरायची, लघवी पडल्या पडल्या. त्याहून वाईट म्हणजे जांघेतलं रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत उतरायचं. वर चादर कोरी, खाली बीपी पडत चाललेलं. त्या सांगायच्या, "आम्ही चादर बघायचो नाही, चेहरा बघायचो." मनगटाखाली असं लपायला जागा नाही. तिथे हाड आहे, दाबलं की धमनी हाडावर टेकते. मॉन्ट्रियलच्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केलेल्या शंभर पेशंटची माहिती छापली. अॅमस्टरडॅममध्ये फर्डिनंड कीमनाय यांनी १९९२ मध्ये याच वाटेनं अँजिओप्लास्टी केली. त्यानंतरही ही पद्धत रुळायला वेळ लागला, कारण धमनी बारीक, आकसते, आणि हात बसेपर्यंत डॉक्टरांचा घाम निघतो. मनगट आणि जांघ यांची तुलना करणाऱ्या २०११ च्या रायव्हल अभ्यासात ३२ देशांतले ७०२१ पेशंट होते. मोठा रक्ताचा फुगवटा जांघेच्या गटात ३ टक्के, मनगटाच्या गटात १.२. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव हे सगळं एकत्र धरलं तर मात्र त्यात मोठा फरक दिसला नव्हता. २०१५ च्या मॅट्रिक्स अभ्यासात ८४०४ पेशंटमध्ये रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही मनगटाच्या बाजूला कमी निघाले. त्यानंतर वाद मिटला म्हणायला हरकत नाही.

सगळीकडे टीआर बँड असतो असं नाही. गॉझची घट्ट घडी करून डायनाप्लास्टनं, म्हणजे ताणणाऱ्या चिकटपट्टीनं, आवळायची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी चालते आणि ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रक्त थांबतं. पण डायनाप्लास्ट पारदर्शक नसतो, मणी दिसत नाही. सैल करायचा तर उचकटावा लागतो. त्यामुळे "राहू दे अजून तासभर" असं होतं. आणि रिकव्हरीत एक सिस्टर आणि आठ पेशंट असले की तो तासभर वाढत जातो. आवळलेलं सोडायला माणूस लागतं, हे बिलात कुठेही येत नाही.

बँड असला तर तासा-दोन तासांनंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिली हवा कमी करत जायचं. रक्त आलं तर काढलेली हवा परत, अर्धा तास थांबायचं, पुन्हा सुरुवात. या काळात पेशंटचा उजवा हात उशीवर. आणि नेमकी जेवणाची गाडी येते.

इथे गंमत सुरू होते. आपल्याकडे डाव्या हातानं जेवणं कुणाला आवडत नाही, आणि वयस्कर माणसांना तर नाहीच. चमचा दिला तरी खिचडी छातीवर. एक आजोबा होते, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी सरळ सांगितलं, "हात सुटल्यावर जेवेन." शुगर होती, उपाशी ठेवून चालणार नव्हतं. आजी शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, तुम्ही भरवा. दोघंही कमालीचे लाजले. आजींनी आधी पडदा ओढायला सांगितला. मग आतून आवाज येत होता: "आ करा." "गरम आहे." "फुंकर मारलीय, आ करा." मी दहा मिनिटांनी हवा कमी करायला गेले तेव्हा हेडमास्तरांनी तोंड पुसून ताबडतोब रक्तदाबाविषयी गंभीर प्रश्न विचारला.

मनगट शांत आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. वायर वर जाताना कधी एखाद्या बारीक फांदीला टोचून जाते आणि रक्त कोपराखाली मांसात जमतं. टिंब कोरडं ठणठणीत, आणि पेशंट म्हणतो, "हात जड झालाय." हे "जड झालाय" मी कधीच हसण्यावारी नेत नाही. दोन्ही हात शेजारी ठेवून चाचपायचे. एक मऊ, एक तट्ट. मग सूज जिथे संपते तिथे बॉलपेननं रेघ मारायची आणि वेळ लिहायची. अर्ध्या तासानं सूज रेघेच्या बाहेर गेली की डॉक्टरांना फोन, आणि तोवर तिथे दाब. वेळेत दाबलं तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. नाही दाबलं, तर आतला दाब वाढून हाताचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. क्वचित, पण जाते.

डिस्चार्जच्या वेळी मी जे सांगते त्यातलं निम्मं कुणी ऐकत नाही, कारण तेव्हा सगळं लक्ष गोळ्यांच्या पिशवीवर आणि गाडी कुठे लावलीय यावर असतं. म्हणून एक माणूस निवडते, शक्यतो सून किंवा मुलगी, आणि तिलाच सांगते. पलंगावरून उठताना या तळव्यावर भार द्यायचा नाही. लोक हमखास हेच करतात. स्कूटर नाही, कारण ॲक्सिलरेटर उजव्या मनगटानंच पिळतात. धुणं पिळायचं नाही, बादली नाही, धार काढायची नाही, मनगट पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. बांगड्या, घड्याळ, गंडादोरा या हाताला तूर्तास नको. जखमेवर हळद किंवा कॉफी दाबायची नाही. हे ऐकून हसू नका, मी दोन्ही पाहिलं आहे.

आणि रक्त आलंच तर? खाली बसायचं. हात उंच. दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटं टिंबावर आणि किंचित त्याच्या वर, घट्ट, घड्याळ लावून दहा मिनिटं. मधेच उचलून बघायचं नाही. लोकांना दर अर्ध्या मिनिटाला बघायचं असतं आणि दर वेळी नुकती धरलेली खपली सुटते. मनगटाभोवती रुमाल करकचून बांधायचा नाही. दहा मिनिटांत थांबलं नाही, किंवा चिळकांडी उडत असेल, तर १०८, आणि गाडी येईपर्यंत बोट तिथेच. घरी आपण अडाण्यासारखं जोरात दाबलं तरी चालतं. नाजूकपणा रिकव्हरीत, घरी नाही.

दोन दिवसांनी हात निळा पडतो, मग हिरवा, मग पिवळा. बघून जीव घाबरतो. तो डाग उतरत-पसरत जातो, आठ-पंधरा दिवसांत विरतो. सूज वाढत नसेल, बोटं गार पडत नसतील तर काळजीचं नाही. पण तो निळा डाग बघून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करणारे लोक आहेत. "रक्त फुटतंय म्हणून दोन दिवस घेतली नाही." स्टेंट नवा असताना ही गोळी चुकवली तर स्टेंटमध्येच गुठळी होते. मनगटावरचा डाग वाचवायला हृदय पणाला लावायचं, हा व्यवहार कुणी सांगितला यांना? इथे माझा आवाज चढतो आणि मग वॉर्डातल्या मावशी मला पाणी आणून देतात.

आता आमचे नवे डॉक्टर हाताच्या मागच्या बाजूनं, अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथून धमनी धरतात. कीमनाय यांनीच २०१७ मध्ये यावर लिहिलं. तिथून केलं तर मनगटातली मुख्य धमनी सहसा शाबूत राहते आणि हात जरा मोकळा राहतो. पण त्या खळग्यावर पट्टी बसवताना आमचे हाल होतात. अंगठा हलला की पट्टी सरकते, आणि अंगठा न हलवता बसणारा पेशंट मोबाईलच्या जमान्यात मिळणं कठीण.

मागच्या आठवड्यात घरी गेलेल्या एका मावशींचा काल फोन आला. डॉक्टरांना नाही, मला. नंबर सुनेनं दिला असणार. आवाज खणखणीत.

"सिस्टर, जड उचलू नको म्हणालात, नाही उचललं. धुणं नाही केलं. पण भाकरी कधी थापू? सुनेची भाकरी तुम्ही खाल्ली नाहीत म्हणून सांगते."

मी विचारलं, सूज आहे का, मुंग्या येतात का, बोटं गार पडतात का. काहीच नव्हतं. तपासणीला कधी बोलावलंय, तर सोमवारी. म्हटलं, सोमवारी डॉक्टर नाडी बघतील, तोवर थांबा.

"डाव्या हातानं थापली तर?"

"थापा. पण पीठ सुनेनं मळायचं आणि परात तुम्ही उचलायची नाही."

"मळलेलंच तर तिचं घट्ट होतं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.